डाव्या गालावरचा निळा

नीला आली होती ती फक्त डबा परत करायला. वरच्या मजल्यावरची, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारी, आणि रिकामा डबा परत करू नये म्हणून त्यात न चुकता साखर घालून आणणारी. दारातच उभी राहून तिनं डबा मार्तंडच्या बायकोच्या, जयंतीच्या हातात दिला, आणि जायचं सोडून भिंतीला टेकवून ठेवलेल्या चित्राकडे बघत राहिली. चित्रात एक अंतराळवीर पोकळीत तरंगत होता. मागे काळं आकाश, उजवीकडे सूर्य, सूर्याच्या खाली मोसंबीएवढी पृथ्वी.

"काका, सूर्य उजवीकडे आहे ना?"

"हो."

"मग ह्याच्या डाव्या गालावर हा निळा उजेड कुठून आला?"

"पृथ्वीचा," मार्तंड म्हणाला. उत्तर इतक्या झटपट सुचलं की त्याला स्वतःचा थोडा अभिमानच वाटला.

"पृथ्वी तर तुम्ही उजवीकडे काढलीय."

मार्तंडने वळून पाहिलं. पृथ्वी खरंच उजवीकडे होती. त्यानंच काढली होती, जेवणाच्या आधी. "तिथे हवा नाही ना काका, उजेड पसरवायला. ज्या बाजूला सूर्य नाही ती बाजू काळी. एकदम काळी. पण राहू दे, छान दिसतंय," असं म्हणून नीला जिना चढून गेली. चित्र वाईट म्हणणारे मार्तंडला पुष्कळ भेटले होते आणि त्यांची त्याला सवय होती. पण शास्त्र शिकवणाऱ्या बाईनं 'राहू दे, छान दिसतंय' म्हणणं म्हणजे परीक्षेत नापास झालेल्याला 'अक्षर मात्र चांगलं आहे हो' म्हणण्यासारखं होतं. तो चित्रासमोर बसला. अंतराळवीर निळ्या गालानं पृथ्वीकडे बघत होता, आणि आता त्या गालाची मार्तंडला लाज वाटू लागली. लग्नाच्या फोटोत आपल्या मागे कुणीतरी नाक कोरत उभं होतं हे इतक्या वर्षांनी दिसावं, तशी.

एरवी मार्तंड मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका खोक्यांच्या कारखान्यात चित्रकार होता. बिस्किटांचे पुडे, साबणाच्या वड्या, मसाल्याच्या पेट्या. पण वर्षातून एकदा 'शतभिषा' नावाच्या मासिकाच्या दिवाळी अंकाला विज्ञानकथांसाठी मुखपृष्ठ लागायचं आणि तेव्हा त्याला अंधेरीहून थेट अंतराळात जायला मिळायचं. संपादकांची अट एकच होती, चेहरा दिसला पाहिजे. डोक्यावर घागर पालथी घातलेला माणूस बघून आपला वाचक अंक घेत नाही. मार्तंड चेहरे दाखवायचा. चंद्रावर उतरलेले, शनीच्या कड्याला लोंबकळणारे, धूमकेतूच्या शेपटीत सापडलेले. आता तो एकेक आठवू लागला आणि त्याच्या लक्षात आलं, की विश्वाच्या कुठल्याही कोपऱ्यात माणूस गेला तरी त्याचा उजवा गाल पिवळा होता आणि डावा निळा. सूर्य कुठेही असो. सूर्यमालेबाहेरच्या एका चित्रात तर दोन सूर्य होते, तांबडे, तरीही डावा गाल निळाच. हा निळा त्यानं कधी ठरवून लावला नव्हता, तो हातातच होता. आणि हातात घातला होता काशीरामनं. अंधेरीला स्टुडिओच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये काशीराम सिनेमाचे बोर्ड रंगवायचा, दोन मजले उंच, परांचीवर बसून, लांब दांड्याला बांधलेल्या ब्रशनं. मार्तंड तेव्हा नुकताच मिसरूड फुटलेला, नायकाच्या कानापासून सुरुवात केलेला. कानावरून गालावर यायला त्याला दोन पावसाळे लागले. "एक गाल ऊन, एक गाल निळा," काशीराम सांगायचा, "अर्ध्या तोंडावर अंधार ठेवलास तर पब्लिक अर्ध्या तिकिटात येईल काय?" मार्तंडने एकदा विचारलं होतं, "पण हा निळा उजेड येतो कुठून?" काशीरामनं खाली वाकून बघितलं होतं, बराच वेळ, जणू त्याला हा प्रश्न परांचीसकट उचलून फेकायचा होता. मग म्हणाला होता, "डब्यातून."

तर तो निळा डब्यातून आला होता आणि इतकी वर्षं डब्यातूनच येत होता. मार्तंडने काळ्याची ट्यूब उघडली. गाल काळा करायला पाच मिनिटं पुरली असती. त्यानं ट्यूब परत बंद केली. गॅलरीत थोरला भाऊ जयवंत बसला होता, नेहमीसारखा, पाठ भिंतीला, हात मांडीवर उपडे, समोरच्या इमारतीकडे बघत. समोरच्या इमारतीत बघण्यासारखं काही नव्हतं हे जयवंतलाही माहीत होतं. संप सुरू होऊन दीड वर्ष झालं होतं. गिरणी बंद, परळचा गाळा सुटलेला, द्रौपदीवहिनी जाऊन चार वर्षं झालेली, मूलबाळ नाही. धाकट्या भावाकडे अंधेरीला आला तो एक ट्रंक घेऊन, आणि ती ट्रंक त्यानं दाराच्या आत जिथे टेकवली तिथून आजवर हलवली नव्हती. जयंतीनं दोनदा सांगून पाहिलं, भावोजी, माळ्यावर टाकू. "ऱ्हवांदे, अडचण नाय," जयवंत म्हणायचा. अडचण होत होती. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या ट्रंकेवर आपटायचा. पण तिथे असली की ती निघाल्यासारखी दिसायची, आणि जयवंतला बहुधा तसंच हवं होतं. जेवल्यावर तो ताट स्वतः घासायचा. कपडे स्वतः धुवायचा, सगळ्यांच्या आधी उठून, नुसत्या साबणानं, त्यामुळे त्याची बनियानं पिवळट पडली होती. जयंती मागे लागायची, द्या हो, नीळ घालून देते. "पावण्यान कित्या तरास देवचो," तो म्हणायचा. मोठा दीर स्वतःला पाहुणा म्हणतो म्हटल्यावर जयंती मोरीत जाऊन बादल्या आपटायची.

आणि मागच्या आठवड्यात जेवताना त्यानं सांगून टाकलं होतं, भात कालवता कालवता. "चतुर्थीक गावाक जातंय. मगे येवचंय नाय." गावच्या घरात चुलतभावानं म्हैस बांधली होती, हे तिघांनाही ठाऊक होतं. म्हशीबरोबर राहणार काय, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. मार्तंडला 'जाऊ नको' म्हणायचं होतं. ते दोन शब्द मोठ्या भावाला कसे म्हणतात ते त्याला येत नव्हतं. त्यांच्या घरात असं कुणी कुणाला कधी म्हणालंच नव्हतं. वडील मुंबईला निघाले तेव्हा आई चुलीपुढे फुंकर मारत बसली होती, जयवंत निघाला तेव्हाही. मार्तंड निघाला तेव्हा फुंकर मारायलाही कुणी उरलं नव्हतं. म्हणून त्यानं त्या वेळी, पानावर बसल्या बसल्या, वेगळंच विचारलं, "दादा, चित्रासाठी बसशील?" जयवंतनं भाताचा घास संपवला. "तुझां चित्र होयसर रवतंय," म्हणाला. "मगे जातंय."

नीलाच्या प्रश्नाचा उपयोग मार्तंडच्या लक्षात आला तो ट्यूबचं झाकण फिरवताना. सावली खरी होईपर्यंत चित्र पुरं होणार नव्हतं. चित्र पुरं होईपर्यंत जयवंत जाणार नव्हता. विज्ञानाबद्दल मार्तंडला एकदम फार आदर वाटू लागला. संध्याकाळी त्यानं जाहीर केलं, की डाव्या बाजूच्या सावलीचा अभ्यास केल्याशिवाय आपण ब्रश लावणार नाही, वाचकांना फसवायचं म्हणजे काय. जयंती तांदूळ निवडत होती. "अहो, त्या बिस्किटाच्या पुड्यावर गाईपेक्षा मोठा दुधाचा ग्लास काढलात तेव्हा कुठे गेला होता अभ्यास?" मग तिनं गॅलरीकडे पाहिलं, ट्रंकेकडे पाहिलं, आणि खडे निवडायचा वेग कमी केला. "चांगला दोन-तीन आठवडे करा," म्हणाली. "घाई नको."

श्रावणात अंधेरीला सावल्या पडत नाहीत. आकाश मळक्या चादरीसारखं खाली येतं आणि उजेड सगळीकडून सारखाच गळतो. माणसं, रिक्षा, खांब, सगळं सपाट, पुठ्ठ्यावर छापल्यासारखं. म्हणून मार्तंडने रविवारी दुपारी खोलीतच अंतराळ करायला घेतलं. खिडकीवर घोंगडी टांगली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं. जयवंतला स्टुलावर बसवलं, डोक्याभोवती पांढरा टॉवेल गुंडाळला, आणि उजव्या हाताला शंभराचा दिवा वायरनं लोंबता सोडला. "दादा, हलू नको. तू पोकळीत आसस." जयवंत पोकळीत बसला. मिलमध्ये कापड विणायचे दोन साचे सांभाळलेला माणूस, त्याला उभं राहायचं तर तासन्‌तास उभं राहता यायचं आणि बसायचं तर बसता. मार्तंडने डावा गाल पाहिला. काळा नव्हता. राखाडी होता, गुबगुबीत, घरगुती. डावीकडची भिंत पांढरी होती, तिच्यावरून उजेड उलटून येत होता. मार्तंडने भिंतीवर दुसरी घोंगडी लावली. गाल थोडा उतरला, पण आता त्यात तांबूस झाक आली. ती कोनाड्यातल्या पितळी समईची होती. समई स्वयंपाकघरात गेली. मग स्टीलचा पिंप गेला. मग कॅलेंडर. जयंती चहा घेऊन आत आली आणि जयवंतचा डावा गाल हळद लागल्यासारखा पिवळा झाला.

"बाहेर जा," मार्तंड म्हणाला.

"चहा आणलाय मी!"

"तुझी साडी पिवळी आहे."

"बघा भावोजी, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, आज साडी दिसली ह्यांना." चहा ठेवून ती गेली आणि गाल विझला. पण पुरता नाही. मार्तंडला गंमत वाटू लागली. जन्मभर तो उजेड लावत आला होता, अंधार त्यानं कधी मागितला नव्हता. आणि आता मागितला तर एवढ्याशा खोलीत तो मिळत नव्हता. जी वस्तू उचलावी तिच्यामागून दुसरी पुढे येऊन आपला वाटा देत होती. ही सगळी भांडीकुंडी, भिंती, साड्या, इतकी वर्षं गुपचूप उभ्या राहून एकमेकांवर उजेड टाकत होत्या आणि आपण समजत होतो की तो दिव्यातून येतो.

"आमच्या खात्यात सावली पडाच नाय," जयवंत एकदम म्हणाला. साच्यांच्या धडधडाटात आयुष्य गेल्यामुळे तो बोलला की मोठ्यानं बोलायचा आणि मग स्वतःच दचकायचा. "छपराक काचो उत्तरेच्या. ऊन आत येवचा नाय. नुसतो उजेड. धागो तुटलो तर दिसाक होयो." मार्तंडला तो उजेड माहीत होता. एकदाच पाहिला होता, डबा पोचवायला गेला होता तेव्हा. आणि त्या उजेडातून बाहेर आलेला जयवंत त्याला रोज दिसायचा. परळच्या गाळ्यात, भुवयांत कापूस अडकलेला, पाळी संपवून आलेला. "काढ," म्हणायचा आणि भिंतीला टेकून झोपायचा. मार्तंड त्याला झोपलेला काढायचा. कॉलेजची पायरी त्यानं चढली नव्हती, पैसे देऊन बसवलेला माणूस त्यानं बघितला नव्हता. त्याच्याजवळ एकच चेहरा होता, तो त्यानं सगळीकडे वापरला. काशीरामच्या शेडमधले नायक जयवंतच्या कपाळाचे होते, खलनायक जयवंतच्या हनुवटीचे. एका मोसमात नायिकांनाही ती हनुवटी गेली होती आणि काशीरामनं ब्रश फेकून मारला होता. पुढे शनीवर गेला तो जयवंत, धूमकेतूत सापडला तो जयवंत. त्याला स्वतःला हे कधी कळलं नसावं. तो कधी बोर्डांकडे बघायचाच नाही, पाळी चुकेल म्हणून.

गालावर अजून काहीतरी होतं. मार्तंडने डोळे बारीक केले. अगदी पुसट, हनुवटीपासून कानाच्या पाळीपर्यंत. निळसर. तो जरा हसलाच, कारण काशीराम वर परांचीवर बसून डबा हलवतोय असं त्याला वाटलं. त्यानं खोलीभर नजर फिरवली. निळं काही उरलं नव्हतं. काहीच उरलं नव्हतं. घोंगड्या, स्टूल, दिवा, आणि आपण. तो एक पाऊल मागे सरकला. निळा फिका झाला. पुढे आला, परत आला. त्यानं खाली पाहिलं. अंगात बनियान होतं, जयंतीनं धुतलेलं, आणि जयंतीचा नीळ घालायचा हात असा की पांढरे कपडे दांडीवरून काढले की आभाळाचे तुकडे वाटावेत. दिव्याचा उजेड त्या बनियानावर येत होता आणि तिथून भावाच्या गालावर जात होता.

म्हणजे आता काढून टाकायची एकच गोष्ट राहिली होती.

तो मागे सरकत गेला. दाराजवळ ट्रंक पायाला लागली, तिला वळसा घालून तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या पलीकडे, भिंतीआड झाला, आणि डोकं तेवढं काढून बघितलं. नीला बरोबर होती. डावा गाल नव्हता. काळा झाला होता असंही म्हणवत नव्हतं, तो नव्हताच. नाकाच्या रेषेवर जयवंत संपत होता, सुरीनं कापल्यासारखा, आणि त्याच्या पुढे घोंगडीचा काळोख सलग चालू होता. अर्धं कपाळ, एक भुवई, एक उपडा हात. खरं अंतराळ. इतकं खरं त्यानं आजवर काही पाहिलं नव्हतं. मागे पातेल्यावर झाकण थरथरत होतं, जयंतीनं गॅस बारीक केला. गावच्या घरात, म्हशीच्या बाजूला, संध्याकाळी दिवा लावल्यावर दादा असाच दिसेल, मार्तंडच्या मनात आलं, आणि बघायला कुणी नसेल म्हणून तेवढाही दिसणार नाही. तो उभा राहिला. चित्र डोळ्यांत पक्कं झालं होतं, आता फक्त काळा लावायचा आणि सही करायची.

"खंय गेलंस रे?"

आवाज नसलेल्या अर्ध्यातून आला. मोठ्यानं, आणि मग स्वतःच दचकलेला.

"हयच असंय, दादा."

"माका काय दिसना नाय."

मार्तंड भिंतीआडून निघाला. ट्रंकेवर आपटला, सावरला, आणि मघाच्या जागी येऊन उभा राहिला. गाल परत आला; आधी कानाची पाळी, मग हाड, मग डोळ्याखालचा खळगा, निळसर. आणि त्या बाजूचा डोळा. तो डोळा दिव्याकडे नव्हता. मार्तंडकडे वळलेला होता, सापडल्यासारखा.

रद्दीवाल्याकडून आणलेलं एक अमेरिकन मासिक मार्तंडजवळ होतं, चंद्रावरच्या फोटोंचं. दुसऱ्या दिवशी ते काढून तो बसला. सावल्या काळ्या होत्या, नीलानं म्हटल्याप्रमाणे. पण माणसाची सावलीतली बाजू अगदी गेलेली नव्हती, तिथे थोडंसं काहीतरी होतं, आणि त्यातलं काही जमिनीवरून आलं असेल, पण सगळंच नसावं. मार्तंडला इतक्या वर्षांत एक साधी गोष्ट सुचली नव्हती, की हा फोटो कुणीतरी काढलाय. समोर दुसरा उभा आहे. त्याच्याही अंगात पांढरं आहे.

त्यानं गालाला हात लावला नाही. सूर्य तिथेच ठेवला, पृथ्वी तिथेच ठेवली. अंतराळवीराचं बुबुळ तेवढं, तांदळाएवढं, पृथ्वीवरून काढून डावीकडे सरकवलं, कागदाच्या बाहेर. मग खाली सही केली. सही करताना त्याला माहीत होतं आपण काय करतोय ते. आणखी दोन आठवडे सहज काढता आले असते. पण झालेलं चित्र झालेलं नाही असं म्हणायला मन घेत नव्हतं, हा त्याचा जुना दोष होता आणि कारखान्यातही त्याला तो नडायचा.

नीला संध्याकाळी भाजी घेऊन येताना थांबली. "काका, निळा ठेवलात!" मग नीट बघून म्हणाली, "हा बघतोय कुणाकडे?"

"बाजूला एक जण आहे. पांढऱ्या कपड्यात. त्याच्यावरून येतोय उजेड."

"मग तो काढला नाहीत?"

"कागद संपला."

नीलानं थोडा विचार केला. "चालेल," म्हणाली. "बसतंय." आणि ह्या वेळी छान बिन काही म्हणाली नाही.

जयवंतनं चित्र पाहिलं ते गॅलरीतून उठून, चष्मा लावून, हात मागे बांधून; मुकादम तागा तपासतो तसं, कडेपासून. आपला चेहरा त्याला ओळखू आला की नाही ते कळलं नाही. "झाला?"

"झाला."

"ह्यो कोणाक बगता?"

"माका," मार्तंड म्हणाला.

"हूं," जयवंत म्हणाला. चष्मा काढला, पुसला, परत गॅलरीत जाऊन बसला. समोरच्या इमारतीकडे बघू लागला.  

चतुर्थीच्या आदल्या सकाळी गाववाल्यांनी ठरवलेली एस्टी होती, अंधेरी स्टेशनच्या बाहेरून. जयवंत आंघोळ करून, टोपी घालून तयार झाला. हातात कापडी पिशवी. तिच्यात एक धोतर, खोबऱ्याच्या वड्या, आणि गणपतीसाठी जयंतीनं दिलेला जरीचा तुकडा.

"ट्रंक?" मार्तंडने विचारलं.

"ऱ्हवांदे थंय. चतुर्थीची एस्टी. जागा गावाची नाय." हे खरं होतं. चतुर्थीच्या एस्टीत माणसांनाच जागा नसते. मग ट्रंक नंतर मागवून घेणार असेल, मार्तंडला वाटलं, कुणी जाणारा-येणारा बघून. तो दारापर्यंत गेला. म्हणायचे ते दोन शब्द ह्या वेळी जिभेपर्यंत आले होते. तेवढ्यात जयवंत ट्रंकेवर आपटला, स्वतःच्याच, आणि "आयलां" म्हणून गुडघा चोळत जिना उतरून गेला, आणि ते तसेच राहिले.

मार्तंड गॅलरीत आला. ढग किंचित फाटले होते. खाली रस्त्यानं टोपी चालली होती, आणि तिच्या मागून एक सावली, पातळ, ओल्या डांबरावर धड काळीही नसलेली. वळणावर दोन्ही गेल्या. कारखान्यात जायची वेळ झाली होती. त्यानं दांडीवरून बनियान ओढलं आणि अंगात घातलं. खांद्यावर सैल झालं, मांडीपर्यंत आलं.

"अहो, ते तुमचं नाही," जयंती आतून म्हणाली. "भावोजींचं आहे."

"हे? हे तर निळं आहे."

"काल मीच घातली नीळ. मोरीत आणून ठेवलंन् माझ्यासमोर. मी मागितलं नव्हतं हं."

"मग नेलं नाही ते?"

"मी म्हटलं पिशवीत टाका. तर म्हणाले, ऱ्हवांदे गो, ओला असा, वाळाक नाय."

मार्तंडने बनियान अंगातून काढलं. दोन्ही हातांत धरलं, दाबून पाहिलं, काखेतली शिवण चिमटीत धरली, जिथे ओल सगळ्यात शेवटी राहते.

खडखडीत वाळलं होतं.